वेशीवरचे दगड आणि आपली वंशावळ

आमच्या करवीर, पन्हाळा, राधानगरी भागातल्या कुठल्याही जुन्या गावात शिरताना डाव्या-उजव्या हाताला जरा बघत चला. वेशीपाशी, मारुतीच्या देवळामागे, ओढ्याच्या काठाला किंवा पिंपळाच्या पाराला टेकून दोन-तीन उभे दगड असतात. कुणी त्यांना शेंदूर लावलेला असतो, कुणी चुना, तर अलीकडे कुणी हौसेने ऑइलपेंट. त्या दगडावर कोरलेली माणसे असतात, गाई असतात, वर चंद्र-सूर्य असतात. गावकऱ्यांना विचारले तर कुणी म्हणते वेताळ, कुणी म्हसोबा, कुणी नुसतेच "वीर". वर्षातून एकदा नारळ फुटतो आणि बाकीचे दिवस शेळ्या त्याला अंग घासतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, आमच्या पूर्वजाचा दगड आहे आमच्या दारात. पावनखिंडीत पडलेला वीर आहे तो. तुम्ही एकदा बघायला या." पावनखिंड म्हटल्यावर कोल्हापूरकडच्या माणसाचे पाय आपोआप चालू लागतात. एका रविवारी गेलो. घराच्या सोप्यासमोर, तुळशीकट्ट्याशेजारी, कमरेइतका उंच दगड उभा होता. चार थर होते. सर्वात खाली एक माणूस आडवा पडलेला आणि त्याच्या बाजूला ओळीने गाई. त्याच्या वर ढाल-तलवारीची झुंज. त्याच्या वर दोन अप्सरा त्या वीराला हात धरून नेताहेत. सर्वात वर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, समोर पुजारी, आणि शेंड्यावर कलश.

दगड सुरेख होता, पण पावनखिंडीचा नव्हता. पावनखिंडीची लढाई १६६० च्या जुलैतली. हा दगड त्याच्या निदान चारशे वर्षे आधीचा, शिलाहार-यादवांच्या काळातला, हे त्याच्या घडणीवरून, माणसांच्या अंगावरील वस्त्रांवरून, वरच्या कलशावरून स्पष्ट दिसत होते. शिवाय खाली गाई होत्या. म्हणजे हा माणूस गावची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला. हे त्या घरच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना सांगायचे कसे? चहा झाला, पोहे झाले, आणि मी भीत भीतच सांगितले. आजोबांनी जरा वेळ दगडाकडे बघितले आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या आदुगर हितं गाव हुतं म्हणायचं. आन् गुरासाठी जीव दिल्याला माणूस हाय ह्यो. मग काय, पाणी घालायचं ते घालतोयच की आमी." मला वाटले होते त्यांना राग येईल. राग आला तो नातवाला. त्याने पुढे महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले होते!

या दगडाला वीरगळ म्हणतात. शब्द कानडीकडून आला आहे. कानडीत कल्लु म्हणजे दगड, वीराचा कल्लु तो वीरगळ. कर्नाटकात या दगडांवर बहुधा लेख असतो: कोणत्या राजाच्या कारकिर्दीत, कुठल्या गावी, कोण, कुणाशी लढताना पडला. आपल्या महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. चित्र आहे, नाव नाही. एस. शेट्टर आणि गुंथर सोंथायमर या दोघा विद्वानांनी १९८२ साली स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला, तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष या दगडांकडे अधिक गेले. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसरला असे वीरगळ आहेत की त्यांच्यावर गलबतांची लढाई कोरली आहे. आमच्याकडे करवीर तालुक्यातील बीड या गावी तर वीरगळांची गर्दीच आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारातही काही मांडलेले आहेत. शहरात कामाला आलात तर बागेत बसल्या बसल्या बघता येतील.

वीरगळाच्या जोडीला सतीशिळा असते. तिची खूण सोपी आहे: खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला बाईचा हात, मनगटात बांगड्या, पंजा उघडा. जवळ चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो हे स्मरण राहो, असा त्याचा अर्थ. पण स्मरण कुणाचे, हे दगड सांगत नाही. त्या बाईचे नाव ना दगडावर, ना घराण्याच्या वंशावळीत. ज्या चालीने तिचा जीव घेतला तिचा गौरव करावा असे मला कधीच वाटले नाही. पण गावात एक बाई जळाली आणि तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, एवढे तरी त्या हातासमोर उभे राहिल्यावर मनात यावे.

आता कुणी विचारील की घराण्याचा इतिहास शोधायला दगडांकडे कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. युरोप-अमेरिकेत लोक कबरस्तानात जातात, पणजोबाच्या कबरीवरचे नाव-साल वाचतात, छायाचित्र घेतात आणि वंशवृक्ष मांडतात. आपल्याकडे बहुतेकांचे दहन होते. राख नदीला जाते. दगड उरत नाही. म्हणून आपली वंशावळ दुसऱ्या ठिकाणी असते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत असते, मोडी दप्तरात असते, आणि आमच्या सीमाभागात ती हेळव्यांच्या तोंडी असते. सुगी झाली की बैलावर बसून हेळवी येतो, दारात उभा राहून तुमच्या खापरपणजोबापासून नावे म्हणतो, कोण कुठल्या गावाहून आले, कुणाला किती मुलगे, हे सगळे सांगतो आणि पायली-दोन पायली धान्य घेऊन जातो. लहानपणी आम्ही मुले त्याच्यामागे गावभर फिरायचो. त्याच्या वहीचे मोल तेव्हा कळले नव्हते.

पण दहन झाले म्हणजे दगड नाहीच, असे मात्र नाही. आमच्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचीच गोष्ट घ्या. हे महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय अवघे वीस. तिथल्या आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. परक्या देशात, परक्या लोकांनी नदीचा संगम शोधून दिला, हे विशेष नाही का? त्या जागी १८७४ साली छत्री उभारली. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे आणि चबुतऱ्यावर निरनिराळ्या भाषांत लेख आहेत. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांच्या आराखड्यावर बांधला त्या मेजर मँट यांचाच हात या छत्रीलाही लागला आहे. फ्लॉरेन्सचे लोक तिला "भारतीयाचे स्मारक" म्हणतात, आणि जवळच्या पुलालाही पुढे "भारतीयाचा पूल" हेच नाव पडले. इकडे आमच्या पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातील समाध्यांची देवळे आहेत, ती रोज आंघोळीला जाणारी माणसे बघतात. वाचतात किती, हा प्रश्न निराळा.

आणि दफन करणारे समाज आपल्यात थोडे का आहेत? लिंगायतांत भूमिसंस्कार होतो, गोसाव्यांच्या समाध्या असतात. जैनांत सल्लेखना घेऊन देह ठेवलेल्यांच्या स्मरणार्थ निषिधीचे दगड उभारीत. श्रवणबेळगोळला ते पुष्कळ आहेत आणि त्यांवर लेखही आहेत. मुसलमानांच्या जुन्या कबरींवर ठिकठिकाणी एक खूण दिसते. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा, बाईच्या कबरीवर सपाट पाटी. नाव नसले तरी एवढे कळते. अमेरिकन मिशनचे लोक कोल्हापुरास १८५२ साली आले. तेव्हापासून इकडे ख्रिस्ती मंडळींची वस्ती वाढली. ख्रिस्ती थडग्यांवर मराठीत नाव, जन्म, मृत्यू, कधी गावही असते, आणि चर्चच्या नोंदवहीशी ते ताडून पाहता येते. कुलाब्याकडे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल मंडळींच्या कबरी आहेत. त्यांवर वर हिब्रू आणि खाली मराठी, असा थाट आढळतो. त्यांची आडनावे किहीमचे केहीमकर, नवगावचे नवगावकर अशी गावावरून पडलेली. पुढे बरीचशी मंडळी इस्राएलला गेली. त्यांची नातवंडे तिकडून येतात आणि आजोबाच्या दगडावरचे मराठी नाव गावकऱ्यांकडून वाचून घेतात. आपण ज्या दगडाला बसायचा दगड समजतो, त्यासाठी कुणी समुद्र ओलांडून येत असेल.

मग हे दगड वाचायचे कसे? शिक्षक मित्रांनी हे जरा लक्ष देऊन ऐकावे, कारण शाळेतल्या मुलांना घेऊन हे काम उत्तम होते आणि आता प्रत्येक घरात छायाचित्र काढणारा मोबाइल आहे.

पहिली गोष्ट उजेडाची. भर दुपारी बारा वाजता काढलेले छायाचित्र फुकट जाते. ऊन समोरून पडले की अक्षरांची सावली मरते. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, ऊन दगडाच्या अंगावरून तिरपे घसरत असते तेव्हा जा. जे अक्षर दुपारी दिसत नव्हते ते संध्याकाळी पाच वाजता एकदम डोळे उघडून बघते. दगडाचे तोंड उत्तरेला असेल आणि ऊन कधीच नीट पडत नसेल, तर घरातला मोठा आरसा न्या. एका मुलाला लांब उभे करून उन्हाचा झोत बाजूने दगडावर टाकायला सांगा. मुलांना या कामाची फार हौस. नाहीतर अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या कडेला, जवळजवळ चिकटून धरा आणि हळूहळू फिरवत न्या. मी स्वतः कित्येक ओळी अशा रात्रीच वाचल्या आहेत. गावची कुत्री तेवढी सांभाळावी लागतात.

कॅमेरा दगडाशी समांतर धरावा, वर-खाली कलता नको. आधी सबंध दगड, मग एकेक थर, मग एकेक ओळ. शेजारी फूटपट्टी ठेवावी म्हणजे माप कळते. मागची बाजू विसरू नये. दगड भिंतीत बसवला असेल तर तशी नोंद करावी. शेवटी दहा पावले मागे जाऊन देऊळ, झाड, रस्ता यांच्यासकट एक छायाचित्र घ्यावे. हे शेवटचे लोक घेत नाहीत आणि नेमके तेच पुढे उपयोगी पडते, कारण रस्ता रुंद होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, आणि दगड कुठे होता हे कुणालाच आठवत नाही.

आता काय करू नये ते सांगतो, आणि हे जरा कडक शब्दांत सांगतो. अक्षरे दिसावीत म्हणून खडू फिरवू नका. तुम्ही खडू फिरवता तो तुम्हाला जे अक्षर वाटते त्यावरून; मग पुढचा माणूस दगड वाचत नाही, तुमचा खडू वाचतो. तारेच्या ब्रशने घासू नका, आम्ल तर मुळीच नको. दगडावर ते पांढरे-करडे पापुद्रे असतात ना, ते दगडफूल, तेच जे आपण कोल्हापुरी मसाल्यात घालतो. ते ओरबाडून काढले की खालचे अक्षरही त्याच्याबरोबर येते. मऊ कुंचल्याने माती झाडावी, साधे पाणी शिंपडावे, बस्स. ओला कागद थापून शाईने ठसा घेण्याची रीत आहे, पण ती जाणत्याच्या हातची. आमच्या पश्चिम भागातला जांभा दगड तर इतका ठिसूळ की त्याला नुसते पाहूनच यावे. आणि दगड पूज्य असेल तर आधी गुरवाला, घरच्या माणसांना विचारावे. शेंदूर काढायला सांगू नये. तो हलवून सुरक्षित जागी नेण्याचा उत्साहही आवरावा. शंभर वर्षांहून जुने शिल्प किंवा लेख १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि जागेवरून हलला की त्याची निम्मी साक्ष गेलीच.

हे सगळे मी पोथीतून सांगतो आहे असे समजू नका. खडूचा धडा मी स्वतः शिकलो आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. तेवढे सांगून टाकतो.

आमच्या जिल्ह्यातल्याच एका गावी पाटील घराण्याच्या दोन शाखा आहेत. गावाच्या जत्रेतला पहिला मान कुणाचा, यावरून त्यांचा जुना तंटा. धाकट्या शाखेच्या घरी शके १७१५ चा एक मोडी कागद होता. त्यात मूळपुरुषाने धाकट्या मुलाला जत्रेचा मान दिल्याचे लिहिले होते आणि खाली पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला होता. ओढ्याकाठी त्या मूळपुरुषाची समाधी आहे, तुळशीवृंदावनासारखी, छोटी. तिच्यावर दोन ओळींचा देवनागरी लेख. वीसेक वर्षांपूर्वी, नवीनच प्राध्यापक झालो होतो तेव्हा, मला ती वाचायला नेले. उन्हाळ्याची दुपार होती. मी खिशातून खडू काढला, अक्षरांवरून फिरवला आणि ऐटीत वाचले: शके १७११. पुढचा शब्द दगडफुलाने झाकला होता. तो मी सोडून दिला. घराण्याच्या एका स्मरणिकेत माझ्या नावानिशी ते छापूनही आले.

झाले! मूळपुरुष शके १७११ साली वारला असेल तर शके १७१५ साली त्याने नांगर काढला कसा? थोरल्या शाखेने तो कागद बनावट ठरवला. मेलेल्या माणसाची सही करणारे घराणे, अशी धाकट्या घरची गावात चेष्टा होऊ लागली. जत्रेला ती माणसे येईनाशी झाली. मला यातले काही ठाऊक नव्हते. मी आपला दुसऱ्या दगडांमागे होतो.

पाच-सहा वर्षांनी मुलांना घेऊन सहज त्या गावी गेलो. खडू पावसाने कधीच धुऊन गेला होता. दिवस मावळायला आला होता आणि एका मुलीने आरसा धरला होता. उजेड बाजूने आला तशी ती म्हणाली, "सर, शेवटचा आकडा नऊ आहे." मी म्हटले, नाही, एक आहे. देवनागरी १ आणि ९ झिजले की सख्ख्या भावासारखे दिसतात, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण आपण एकदा छापलेले खोटे ठरू नये असे कुणाला वाटत नाही? मग दगडफुलाच्या कडेने पुढच्या शब्दाची अक्षरे उमटली. पिं, मग ग, मग ल. पिंगल.

इथे संवत्सराचा हिशेब सांगावा लागेल. आपल्या पंचांगात साठ संवत्सरांचे चक्र आहे. शकाच्या आकड्यात बारा मिळवा, साठाने भागा. जी बाकी उरेल तितके संवत्सर, प्रभवापासून मोजून. पडताळा बघा: शिवराज्याभिषेक शके १५९६ चा. बारा मिळवले, १६०८. साठाने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. राज्याभिषेकाच्या मितीत आनंद संवत्सरच आहे. आता आमचा दगड. १७११ त बारा मिळवून भागले तर बाकी ४३, म्हणजे सौम्य. १७१९ चे केले तर बाकी ५१, आणि एक्कावन्नावे पिंगल! दगडावर शक आणि संवत्सर दोन्ही कोरायची जुन्या लोकांची रीत होती ती याचसाठी. एक झिजले तर दुसरे साक्ष देते. मी साक्षीदाराला न विचारताच निकाल दिला होता.

(जाता जाता बाकीच्या सनांचेही सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. हिजरी असेल तर त्याचा तेहतिसावा भाग वजा करून ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक राहील. राज्याभिषेक शकाला १६७३.)

म्हणजे मूळपुरुष १७९७-९८ च्या सुमारास वारला आणि त्याच्या चार वर्षे आधीचा कागद खरा असायला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती माझ्या खडूची.

त्याच रात्री दोन्ही घरी गेलो. थोरल्या घरी ऐकून घेतले, पण कुणी काही बोलले नाही. धाकट्या घरी एक आजी होत्या. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या मालकान्ला लई लागलं हुतं ओ ते. ते ऱ्हायले न्हाईत ऐकायला." मी काय बोलणार? माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ल्हिवून द्या मला, जसं आदी ल्हिवून दिलं हुतं तसं." मी लिहून दिले. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत चूक-दुरुस्ती छापायला सांगितली. ती आली, पण अगदी शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली.

जत्रेचा तंटा त्यावर मिटला असे समजू नका. मान कुणाचा हे दगड ठरवीत नाही, कागदही ठरवीत नाही. ते गाव ठरवते. पण धाकट्या घरची माणसे जत्रेला पुन्हा येऊ लागली आहेत. कागदाचे आणि दगडाचे छायाचित्र मी दोन्ही घरी दिले आहे. समाधीच्या जोत्यात मातीखाली लेखाची आणखी एक ओळ गेलेली दिसते. दोन्ही शाखांनी होकार दिला तर पावसाळा सरल्यावर, रीतसर परवानगी काढून, माती बाजूला करायची असे ठरते आहे. धाकट्या घरचा होकार आला आहे. थोरल्या घरचे म्हणतात, दिवाळी होऊ द्या, मग बघू.